टाळ्यांचा लाल दिवा

हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. आयुष्यात मी एवढंच भाषण केलं. पण ते इतक्या व्यासपीठांवरून केलं, की वक्ता म्हणून माझं नाव कुठे झालं नाही याचं कधीकधी वाईट वाटतं. माझ्यानंतर जे बोलले त्यांचे फोटो भिंतींवर लागले. मी नसतो तर त्यांचं भाषण पुढच्या सतरंजीपलीकडे गेलं नसतं, हे कुठल्याही फोटोखाली लिहिलेलं नाही.

आमचं दुकान बेंगळुरातल्या शिवाजीनगरात, बसस्टँडमागच्या गल्लीत. जुनी माणसं तेव्हा त्या भागाला ब्लॅकपल्लीच म्हणायची. एका बाजूला सायकलवाला, दुसऱ्या बाजूला बिर्याणीचं हॉटेल, मधे आम्ही लाउडस्पीकरवाले. आमचे पूर्वज घोड्यावर बसून बेंगळुरात आले, असं वडील अभिमानानं सांगायचे. मी भोंगे जटक्यात, म्हणजे इकडच्या टांग्यात, घालून गावभर फिरलो, म्हणजे घराण्याचा घोडा काही सुटला नाही. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात. हसू देत. स्वल्प कन्नड पडल्याशिवाय आमच्या मराठीला चवच येत नाही.

धंदा काय होता ते थोडक्यात सांगतो, कारण आता व्हाइटफील्डला राहणारा माझा नातू खिशातून डबी काढतो आणि तिच्यातून अख्खा वाद्यवृंद वाजवतो. आमचा अँप्लिफायर म्हणजे लोखंडी ट्रंक. आत काचेचे व्हॉल्व. ते तापेपर्यंत आवाज येत नाही, आणि उद्घाटक नेमका तेवढ्यातच बोलून खाली बसतो. भोंगे सुरूच्या वाशांवर उंच बांधायचे. माइकचं तोंड भोंग्याकडे झालं की अशी शिट्टी मारतो, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे दात आंबतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सभा बिघडली की पहिला दगड वक्त्याला नाही, भोंग्याला बसतो. वक्ता खाली वाकतो, भोंग्याला वाकता येत नाही. म्हणून मी कुठेही गेलो की आधी लाइटची जागा बघायचो आणि मग दगडांची.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक पुढारी माइकची मान अशी आवळायचे की त्याचा जीव जाईल असं वाटायचं. एक हरिदास कीर्तनात नाचत नाचत वायर पायात गुंडाळून घ्यायचे आणि उत्तररंगात मला त्यांना सोडवावं लागायचं. एका यजमानानं लग्नाचा भोंगा मांडवाकडे न करता रस्त्यापलीकडच्या घराकडे करायला लावला. तिथे त्याचा भाऊ राहत होता आणि त्याला आमंत्रण नव्हतं. मंगलाष्टकं सगळी त्या भावालाच ऐकू गेली, मांडवातल्यांनी अंदाजानं अक्षता टाकल्या.

पण या दिवाळी अंकवाल्यांनी मोठ्या वक्त्यांबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा डोळ्यांपुढे एकच माणूस आला. प्रोफेसर व्यंकोबराव.

व्यंकोबराव तत्त्वज्ञान शिकवायचे. कॉलेजनं त्यांना जरा लवकरच मोकळं केलं, आणि मग ते गावाला मोकळे झाले. बारीक, काळा कोट, जरीची रुमाल-पगडी आणि डोळ्यांवर सोडावॉटरच्या बाटल्यांची बुडं. कन्नडमध्ये बोलायचे, इंग्रजीत टोमणे मारायचे, राग आला की घरच्या मराठीवर यायचे. गावात कुठलीही संस्था असो, वर्षातून एकदा त्यांना बोलवायची आणि वर्षभर पस्तावायची. कारण माणूस ज्यासाठी जमला असेल, नेमकं तेच ते उपटून काढायचे. शाकाहारी मंडळींना त्यांनी विचारलं, भाजी ओरडत नाही एवढ्यावर तुम्ही दयाळू झालात का? योगासनं करणाऱ्यांना म्हणाले, तुमची पाठ सरळ झाली, आता मनाचं काय करता? आणि रामनवमीच्या मांडवात, माझेच भोंगे डोक्यावर असताना म्हणाले, हे भोंगे देवाला ऐकवायला लावलेत की शेजाऱ्याला? माझ्याच माइकवरून माझ्याच पोटावर पाय. त्या संध्याकाळी एका भोंग्याला चेपा आला तो कायमचा. तेव्हापासून त्यातून कुणीही बोललं तरी सर्दी झाल्यासारखं ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकोबराव दुकानात हजर. मला वाटलं, चेपा बघायला आले.

"मारुती," ते म्हणाले, "काल शेवटी मोठा आवाज झाला, तो टाळ्यांचा की दगडांचा?"

त्यांना कानानं कमी ऐकू यायचं आणि चष्म्यातून सभा म्हणजे नुसता पांढरा ढग दिसायचा. आवाज झाला हे कळायचं, कसला ते कळायचं नाही.

मी म्हटलं, "आधी टाळ्या, सर. मग दगड."

त्यांचा चेहराच पडला. "टाळ्या? कशाला? कुठल्या वाक्याला?"

दगडांबद्दल एक अक्षर नाही. मी त्यांना स्टुलावर बसवलं, कॉफी मागवली. ते म्हणाले, "टाळी पडली याचा अर्थ, त्यांना आधीच पटलेलं मी त्यांना परत सांगितलं. मग मी कशाला गेलो? पोस्टमन आहे का मी? टाळी पडली की लगेच मला कळायला हवं. काहीतरी कर."

मी केलं. टॉर्चचा छोटा बल्ब घेतला, त्याला लाल रंग लावला, लाकडाच्या ठोकळ्यावर बसवला आणि वायर माझ्या अँप्लिफायरपाशी आणून बटण जोडलं. तो ठोकळा त्यांच्या नाकाखाली, माइकशेजारी. टाळ्या पडल्या की मी बटण दाबायचं. दिवा लागला की ते वाक्य अर्धवट टाकायचे, पाण्याचा घोट घ्यायचे आणि स्वतःच्याच विरुद्ध बोलायला लागायचे. लोकांना वाटायचं, दिवा माइकचाच भाग असेल. खरी गोष्ट तीन-चार जणांनाच ठाऊक होती.

मग काय धमाल सुरू झाली म्हणता. नास्तिकांच्या सभेत त्यांनी देवाला असा धुतला की लोक उठून उठून टाळ्या वाजवायला लागले. मी दाबलं बटण. व्यंकोबराव थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुम्ही सगळे एका वेळी, एका तालात टाळ्या वाजवताय. याला आमच्याकडे भजन म्हणतात." आणि पुढे देवाच्या बाजूनं असे बोलले, की घरी जाताना दोन नास्तिकांमधे रस्त्यातच जुंपली. मी भोंगे उतरवत होतो आणि हसून हसून शिडीवरून पडायच्या बेतात होतो.

आता मुख्य गोष्ट. व्यंकोबरावांची मुलगी सरोजा शाळेत शिकवायची. हुशार, बापासारखीच तिरकी, पण हसून बोलायची म्हणून खपून जायची. एका दुपारी ती दुकानात आली, त्याच स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मारुतीअण्णा, माझं लग्न तुमच्या हातात आहे."

माझ्या हातात तेव्हा कढई होती, म्हणजे डागकामाचं कथील वितळवायची. ती मी खाली ठेवली.

मुलगा वसंता, मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. बेळगावकडचा. मुलाचे वडील निवृत्त मामलेदार, शेंडीपासून पायापर्यंत कडक. मुलगी पसंत, घराणं पसंत, अट एकच. मुलीच्या बापानं सगळ्यांसमोर पाटावर बसून कन्यादान करायचं. आणि व्यंकोबराव कैक वर्षं माझ्याच भोंग्यांतून सांगत आले होते की मुलगी म्हणजे काय गाय की भांडं, तिचं दान कसलं करता? ते म्हणाले, लग्नाला येतो, पंगतीत जेवतो, दान करणार नाही. मामलेदार म्हणाले, बाप धडधाकट समोर बसलेला असताना मामानं दान करायचं, हे आमच्यात होत नाही. सरोजाची आई सुंदराक्का दोघांना विनवून थकली. मुहूर्त जवळ आलेला आणि दोघेही हटून बसलेले.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. "कन्यादान हवं की नको?"

"मला वसंता हवाय," ती म्हणाली. "आणि अप्पा हवेत. दोघांपैकी एकाला सोडून दुसऱ्याला घ्यायचं असेल तर मी लग्नच करणार नाही." एवढं बोलताना तिचं हसू गेलं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "अप्पांना विरोध केला की ते घट्ट होतात. टाळ्या वाजवल्या की पळतात. तुमचा तो दिवा, अण्णा."

 बेत तिनं पुरता आखूनच आणला होता. चामराजपेटेतला हॉल घ्यायचा, अप्पांचं व्याख्यान ठेवायचं, विषय कन्यादान. हॉल भरायचा तो तिच्या शाळेतल्या मास्तरणींनी आणि वसंताच्या कारखान्यातल्या दोस्तांनी. अप्पा नेहमीप्रमाणे कन्यादान झोडपायला लागले की यांनी हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवायच्या. मी दिवा लावायचा. अप्पा उलटणार आणि कन्यादानाच्या बाजूनं बोलणार. आणि समोर मामलेदार बसलेले असणार. चारचौघांत बोललेला शब्द अप्पा मोडत नाहीत.

"सरी," मी म्हटलं, म्हणजे कन्नडमधलं 'ठीक आहे'. अशा कामाला नाही म्हणणारा माणूस लाउडस्पीकरच्या धंद्यात येतच नाही.

संध्याकाळी हॉल भरला. कारखान्याचे दोस्त पुढे, हातांवर थुंकी टाकून बसल्यासारखे तयार. मामलेदार मधल्या खुर्चीवर, काठीच्या मुठीवर दोन्ही हात. सुंदराक्का आणि सरोजा बाजूला. मी चेपलेला भोंगा मुद्दाम बाहेर लावला आणि आत चांगले लावले. आजचं भाषण सर्दीत जायला नको होतं.

पाहुण्यांमुळे व्यंकोबराव त्या दिवशी मराठीत बोलले. "दान आपल्या मालकीच्या वस्तूचं करतात," त्यांनी सुरुवात केली. "मुलगी माझ्या मालकीची आहे, असं कुठल्या कोर्टात सिद्ध होईल?" एवढं म्हणायचा अवकाश, पोरांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की छतावरची कबुतरं उडाली. खरं तर एवढ्यात टाळी पडण्यासारखं काही झालंच नव्हतं, पण त्यांना दम निघाला नाही. मी दिवा लावला.

व्यंकोबरावांना नवल वाटलं. पहिल्याच वाक्याला कधी दिवा लागला नव्हता. ते पाणी प्यायले. चष्मा काढून पुसला. आणि उलटले.

"पण मालकीचा विचार बाजूला ठेवू," ते हळू बोलायला लागले. "माणूस आयुष्यभर म्हणतो, माझी मुलगी, माझी मुलगी. तिच्या शाळेत सांगतो, शेजाऱ्यांना सांगतो, रस्त्यात भेटलेल्याला सांगतो. हे 'माझी' सुटत नाही. एकट्यानं बसून सोडायला गेलं तर मुळीच सुटत नाही. म्हणून आपल्या लोकांनी काय केलं? चारचौघांना बोलावलं, अग्नी पेटवला, हातावरून पाणी सोडलं. पाणी अशासाठी, की ते परत घेता येत नाही. कन्यादान मुलीचं होतच नाही. ती तशीच राहते. ज्याचं काही सुटतं तो बाप. तो संस्कार बापावर आहे."

 मी बटणावर अंगठा ठेवून विसरून गेलो होतो. माझी मुलगी तेव्हा रांगत होती, आणि मला एकदम घरी जावंसं वाटलं.

आणि मग टाळी पडली. एकाच माणसाची. मामलेदारांनी काठी मांडीला टेकवली होती आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते, डोळ्यांतून पाणी चाललेलं. त्यांचं बघून सगळ्या हॉलनं वाजवायला सुरुवात केली. आता ह्या टाळ्या बेतातल्या नव्हत्या, खऱ्या होत्या.

माझी पाचावर धारण बसली. सरोजा माझ्याकडे बघून मान हलवत होती. नको, नको. तिचं बरोबरच होतं. इथे सभा संपवली की लग्न जमलं. व्यंकोबराव माइकपाशी कान पुढे करून उभे. त्यांना आवाज कळला होता, कसला ते कळलं नव्हतं. ठोकळ्यावरचा दिवा विझलेला. ते माइकमधूनच म्हणाले, "मारुती, आवाज कसला होता रे?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी काय करणार? या माणसानं कान आणि डोळे माझ्याकडे ठेवायला दिले होते. त्यांचा सगळा विचार त्या एका बल्बवर चालला होता. टाळ्यांना दगड म्हणून सांगितलं असतं तर तिचं लग्न झालं असतं, पण पुढे त्यांना त्या दिव्याचा भरवसा कसा वाटला असता आणि मला तरी कसा वाटला असता? मी बटण दाबलं. सरोजानं पदरानं तोंड झाकलं.

व्यंकोबराव दिव्याकडे बघून हसले. "वा. म्हणजे हे फारच छान बोललो मी. तेव्हा यात काहीतरी खोट असणार." एक घोट पाणी. "खोट सापडली. 'माझं' सोडायचं हे औषध जर एवढं गुणकारी, तर ते मुलीच्या बापालाच का? मुलाचा बाप जन्मभर 'माझा मुलगा, माझा मुलगा' करतो, त्याला कुणी पाटावर बसवत नाही. त्याचा रोग तसाच. उलट वाढतो. एकट्यानं औषध घ्यायला मी तयार नाही. माझा कन्यादानाला नकार आहे."

झालं. सगळं मुसळ केरात. सुंदराक्का उठल्या. वसंताचे दोस्त एकमेकांची तोंडं बघायला लागले. आणि मामलेदार काठी टेकत टेकत व्यासपीठावर चढले.

माझं सगळं लक्ष भोंग्यांकडे गेलं. सवय ती. पण मामलेदारांनी काठी टेबलावर ठेवली, माइक आपल्याकडे ओढला आणि बेळगावकडच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "ओ प्रोफेसर, कोण म्हणतंय आम्ही सोडत नाही? तुम्ही आमच्यावर असा आळ कसा घेताय? तुम्ही पोरगी सोडा, मी पोरगा सोडतो. त्याच पाटावर, त्याच पाण्यानं. मी दिला पोरगा. घ्या की."

 मग जो कडकडाट झाला तो मी नंतर कुठल्याही मंत्र्याला झालेला ऐकला नाही. बाहेरच्या चेपलेल्या भोंग्यातूनही तो गेला आणि रस्त्यावरची माणसं आत डोकावली. आणि मी, सवयीचा गुलाम, दाबलं बटण.

व्यंकोबरावांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. "मामलेदारसाहेब," ते बल्बकडे बोट दाखवून म्हणाले, "दिवा लागला. टाळ्या पडल्या. इथला नियम आहे, आता तुम्ही उलट बोलायचं."

मामलेदारांनी त्या बल्बकडे असं बघितलं, जसं एखाद्या उद्धट कारकुनाकडे बघत असतील. "तुमच्यात बोलत असतील," ते म्हणाले. "आमच्यात एकदा बोललं की बोललं."

  व्यंकोबराव पाणी प्यायला गेले तर भांडं रिकामं. शेवटी ते म्हणाले, "सरी." एवढंच. माइकवर तो शब्द फार छान आला.

नंतर सरोजा माझ्याशी बोलेल की नाही याची मला धास्ती होती. ती आली आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही दिवा लावलात तेव्हा मला तुमचा गळा दाबावासा वाटला होता." मग हसली. "लग्नाला माइक तुमचाच."

लग्नाच्या आदल्या दिवशी व्यंकोबराव दुकानात आले. म्हणाले, "दिवा घेऊन ये. वसंताचे ते कारखानेवाले कशालाही टाळ्या वाजवतात. मला सावध राहायला हवं." मी मान डोलावली. गिऱ्हाइकानं सांगितलं ते करायचं.

लग्नात भटजी अडून बसले. मुलीच्या दानाला मंत्र आहे, मुलाच्या दानाला नाही. मामलेदार म्हणाले, "मंत्र नसेना, पाणी आहे ना?" आणि पाट ओढून बसले. समोरच्या पाटावर सुंदराक्का आणि व्यंकोबराव. व्यंकोबराव पगडी सारखी करत होते, ती सारखी असतानाही. दिव्याचा ठोकळा त्यांच्या पाटाशेजारी, माझ्या हातात बटण. सुंदराक्कांनी झारीतून धार धरली. आधी मामलेदारांच्या हातावरून पाणी गेलं, मग व्यंकोबरावांच्या. त्यांच्या ओंजळीत सरोजाचा हात होता आणि तो त्यांना चटकन सोडता येईना. भटजी थांबले. सुंदराक्का धार धरून राहिल्या, झारी रिकामी होत आली. मग व्यंकोबरावांनी हात सोडला.

आता असे वक्ते राहिले नाहीत. आताच्या सभेत टाळी पडली की वक्ता तेच वाक्य परत म्हणतो. इंदिरानगरात मुलाच्या घरी माळ्यावर तो ठोकळा पडलाय, वायर उंदरांनी खाल्ली. कुणी मागायला आलं तर नवीन वायर जोडून देईन, पण कुणी येत नाही.

तर सरोजाचा हात सुटला आणि कारखान्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळा मांडव वाजवायला लागला. मी बटण दाबलं. दिवा लागला. व्यंकोबरावांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि आपला ओला हात पुढे करून त्यांनी तो बल्ब मुठीत झाकून घेतला. टाळ्या संपेपर्यंत मी बटण सोडलं नाही आणि त्यांनी मूठ उघडली नाही. बोटांच्या फटींतून स्वल्प लाल दिसत होतं, तेवढंच.